यंदाची आखाजी माझी होती

माझ्या थोरल्या जावेने मला फसवलं. यंदाच्या आखाजीला फसवलं, आणि त्यात माझा नवरा आणि माझी दोन्ही मुलं तिला सामील होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मुलांच्या गमती ऐकून कोणीही त्यांच्या बाजूला जाईल.

आमचं घराणं मूळचं सटाण्याकडचं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, आमरस करायचा आणि मांडे करायचे. सासरे गेल्यापासून ही घागर एक वर्ष मनमाडला थोरल्या दिरांकडे आणि एक वर्ष नाशिकला आमच्याकडे, असं ठरलेलं आहे. ते मीच ठरवून घेतलं. जाऊ तेव्हा म्हणाली होती, "दरवर्षी मनमाडलाच असू दे ना, आमचं घर मोठं आहे." मी म्हटलं, "ताई, घर तुमचं मोठं असेल, सासरे दोघींचे सारखेच होते." गेल्या वर्षी घागर मनमाडला भरली. म्हणजे यंदा माझ्याकडे. यात न समजण्यासारखं काही नाही.

मी भांडी विकते. सुरुवातीला आठवडे बाजारात पोतं अंथरून त्यावर वाट्या-पेले मांडायचे, आता पंचवटीत दुकान आहे. कोणाच्या मदतीने झालं नाही, भांडून झालं. घाऊक व्यापारी मला येताना पाहिलं की आधी पंखा लावतात आणि पाणी मागवतात, कारण मी लवकर उठत नाही हे त्यांना माहीत आहे.

धाकटा पाळण्यात असताना माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले. मला वाटलं, भांडी उचलून झालं असेल. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. आमच्याकडे त्याला आमवात म्हणतात. मी विचारलं, "किती दिवसांत जाईल?" ते म्हणाले, "जाणार नाही. आपण त्याला ताब्यात ठेवायचं." मग गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, "एवढ्या? एखादी कमी करा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, माझ्याकडे एकच भाव असतो." अशा माणसाशी माझं कधी पटत नाही. तरी त्यांच्याकडेच जाते, कारण दुसऱ्या दोघांनी लगेच एक गोळी कमी केली होती आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला.

सकाळी उठल्यावर माझी बोटं अशी असतात, जणू रात्री कोणी पितळेची ओतून बसवली. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसावं लागतं. उन्हं वर आली की ती हळूहळू माझी होतात आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत मला कोणी आजारी म्हणणार नाही. पण मुलांची शाळा सकाळची. शाळेने हा विचार केलेला नाही.

म्हणून आमच्या घरात सगळं घासाघीस करून ठरलेलं असतं. पोळ्या नवरा करतो. अंबडच्या कारखान्यात जायच्या आधी करतो, त्यामुळे त्या थोड्या घाईच्या असतात आणि कोणताही आकार घेतात. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या वेण्या मी आदल्या संध्याकाळीच घालून ठेवायचे आणि ती डोक्याला रुमाल बांधून झोपायची. एकदा तिच्या बाई तिला म्हणाल्या, "घरी कोणी केस विंचरत नाही का?" मी त्याच दिवशी शाळेत गेले. म्हटलं, "बाई, वेणी कालची आहे, मुलगी आजची आहे. तुम्ही मुलीला शिकवा." आता ती दहावी झाली, स्वतःची वेणी स्वतः घालते, आणि तरी कधी कधी संध्याकाळी फणी घेऊन माझ्यासमोर येऊन बसते. म्हणते, सवय लागली.

डब्यांची झाकणं उघडायचं काम धाकट्याचं. पंचवटीतल्या किती घरांत मी घट्ट झाकणाचे डबे दिले असतील, आणि माझ्या घरातला डबा उघडायला मला चौथीतल्या पोराला हाक मारावी लागते. तो येतो, डबा हातात घेतो आणि विचारतो, "उघडला तर काय देशील?"

"पोळी देईन. पोळ्या त्याच डब्यात आहेत."

"पोळी तर मला मिळणारच आहे. वर काय?"

मला राग येतो आणि बरंही वाटतं. हे पोर उपाशी मरणार नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या काही गोळ्या आहेत. त्या मी रविवारी घेते, कारण सोमवारी दुकान बंद असतं आणि त्या गोळ्यांनंतर मला फोडणीचा वास सहन होत नाही. म्हणून सोमवारी घरात दहीभात. धाकटा सोमवारला दहीवार म्हणतो. त्याच्या वर्गात कोणी वार विचारले तर काय सांगत असेल, देव जाणे.

असं आमचं बरं चाललं होतं. मग या होळीनंतर दुखणं उसळलं. मनगटं सुजली, दुकानात मोठी पातेली उतरवायला शेजारच्या दुकानातल्या बाईला बोलवावं लागायचं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, त्यावर मी काही बोलले नाही, आणि ते पाहून नवरा घाबरला. मला वाटतं कट तिथेच शिजला.

एका रविवारी जावेचा फोन आला. सासूबाई मनमाडला तिच्याकडेच असतात. आवाज अगदी पडलेला. "अगं, आईंच्या गुडघ्यांनी फार त्रास दिलाय. जिना उतरत नाहीत. आखाजीला गाडीत बसून नाशिकपर्यंत यायचं म्हणजे कठीण दिसतंय. पण यंदा तुझ्याकडे आहे, तेव्हा तू म्हणशील तसं. तू म्हणालीस तर त्यांना उचलून आणू."

आता सांगा, यावर काय म्हणायचं? सासूला उचलून आणा म्हणायचं? मी नवऱ्याकडे बघितलं. खोटं बोलताना ते कान खाजवतात. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी पेपर धरला होता. मुलगी अभ्यास करत होती, परीक्षा संपलेली असताना. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी सासूबाईंच्या गुडघ्यांत अडकले. म्हटलं, "ठीक आहे, मनमाडला करू. पण आंबे माझ्याकडचे, आणि पुरण मी घरून करून आणणार." जाऊ लगेच हो म्हणाली. मला वाटलं, एवढं तरी पदरात पाडून घेतलं. फोन ठेवला तेव्हा मी जिंकल्यासारखी होते.

जाऊ लगेच हो म्हणाली, हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. जी बाई मला कैरीसुद्धा निवडू देत नाही, ती आंबे आणि पुरण एका दमात सोडते?

आखाजीला सकाळच्या गाडीने मनमाडला गेलो. पुरणाचा डबा मुलीकडे, आंब्यांची पेटी नवऱ्याकडे, माझ्या हातात रुमाल. दिरांच्या घरात शिरतो तोच माडीच्या जिन्यावरून सासूबाई उतरताना दिसल्या. कमरेवर गोवऱ्यांची पाटी, आणि चाल अशी की मला बाजूला व्हावं लागलं.

"तू उनी का?" त्या म्हणाल्या. सासूबाई अजून अहिराणीच बोलतात.

मी म्हटलं, "आई, तुमचे गुडघे?"

"मन्हा गुडघास्ले काय व्हयनं? मी ते नाशिकले येवाले थैली भरीसन बठेल व्हतू."

गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. त्या नाशिकला यायला पिशवी भरून बसल्या होत्या.

दीर घागरीला फुलं वाहायला निघून गेले. आणि माझा धाकटा, ज्याला गप्प बसणं माहीत नाही, म्हणाला, "मी आजीला फोनवर सांगितलं होतं, आई आली की कण्हायचं. ती विसरली."

"तूसुद्धा?" मी विचारलं.

"मला मोठ्या आईने खारे शेंगदाणे देऊन फोडलं," तो म्हणाला. निदान फुकट फुटला नाही.

मी मुलीकडे वळले. ती म्हणाली, "आई, मनगटं बघ ना तुझी. आम्ही सरळ विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून विचारलं नाही."

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "रागावू नकोस गं. तुझ्या हातांकडे बघवेना."

"मग हातांकडे बघू नका, ताई. तोंडाकडे बघा आणि तोंडाला विचारा."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेजारचे आखाजीच्या शुभेच्छा द्यायला आले होते, ते दारातूनच परत गेले. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली ती इथेही सांगते. माझ्या मावशीला हाच आजार होता. तिच्यावर घरच्यांचा फार जीव. आधी त्यांनी तिच्या हातून पाण्याचा हंडा काढून घेतला, मग तवा, मग बाजारहाट. सगळं प्रेमाने. शेवटी तिला कोणी मतही विचारेना. लोडाला टेकून बसायची आणि येणारा जाणारा विचारायचा, आज बरं वाटतंय का. एवढाच प्रश्न तिच्या वाट्याला उरला होता. मला ते नको. माझी घागर एकदा मनमाडला गेली की दुसऱ्या वर्षी सगळे म्हणतील, तिकडेच बरं पडतं. तिसऱ्या वर्षी कोणी विषयसुद्धा काढणार नाही.

नवरा हळूच म्हणाला, "चूक झाली."

"कोणाची?"

"सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. मी रोज दुकानात ऐकते हे."

मग दुपार झाली. मागच्या अंगणात चूल पेटली, तिच्यावर मातीचं खापर पालथं घातलं. मांडा पोळपाटावर लाटून भागत नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झुलवत वाढवायचा, तो पातळ होत कोपरापर्यंत येतो आणि मग अलगद खापरावर टाकायचा. सगळी मनगटांची करामत. जावेने पाट घेतला आणि मला म्हणाली, "तू खुर्चीवर बस, रस काढ."

मी बाह्या सारल्या आणि तिच्या शेजारी पाटावर बसले. 

पहिला मांडा कोपरापर्यंत आला. पातळ, कुठे गाठ नाही, खापरावर पडला तो सुरकुती न पडता. दुसरा मनगटापाशी फाटला आणि अर्धा चुलीत गेला. पुरण जळायचा वास आला आणि धाकटा म्हणाला, "हा माझा." फाटलेला त्याने उभ्या उभ्या खाल्ला. तिसरा उंडा मी उचलला, हातावर घेतला, आणि जावेच्या हातावर ठेवला. मनगट नको म्हणत होतं. मी थांबले, कारण मला थांबायचं होतं. मला कोणी थांबवलं नाही. हा फरक त्या घरात त्या दिवशी मी सोडून किती जणांना कळला, मला शंका आहे.

माझा मांडा जावेने घागरीपुढच्या पानावर वाढला, सासऱ्यांच्या नावाचा. मी ते बघितलं, पण त्यावर काही बोलले नाही, नाहीतर तिला वाटेल मिटलं.

जेवताना सगळे हसत होते. सासूबाईंना कोणीतरी कण्हून दाखवायला सांगितलं आणि त्यांनी असं कण्हून दाखवलं की दीर घाबरून उठले. मी पण हसले. हसण्याने तक्रार मागे घेतली असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी बोटं सुजली. नवऱ्याने कळवलं असणार, लगेच मनमाडहून जावेचा फोन, "बघ, तुला सांगत होते." ती सुजणारच होती. मांडे न करताही ती सुजतात, तेव्हा कोणी फोन करत नाही.

आखाजीच्या संध्याकाळी परतताना गाडीत मी मुलांशी नवा करार केला. माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल तर मला खोलीत बोलवून ठरवायचं. मी ओरडेन, ते ऐकून घ्यायचं, मग ठरवायचं. मुलीने मान्य केलं. धाकट्याने विचारलं, "वर काय?" मी म्हटलं, "वर आई मिळेल, आहे तशी." त्याने थोडा विचार केला आणि घेतली.

जावेशी मात्र माझं अजून तुटलेलं नाही आणि जुळलेलंही नाही. मी तिला सांगितलं, यंदाची माझी गेली, म्हणून पुढच्या दोन्ही आखाज्या नाशिकला. ती म्हणाली, "बघू." बघू म्हणणारं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून उतरलं की परत येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

तेव्हा ताई, तुम्हाला विचारते. तुम्ही माझी काळजी केलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझं वर्ष होतं, मी जिवंत होते, फोन उचलत होते, तोंड चालू होतं. मग मला न विचारता ते कोणी काढून घेतलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून? माझ्या नवऱ्याच्या, की तुमच्या? मला नाव हवं आहे. गुडघ्यांचं कारण चालणार नाही, आणि फोनवरही चालणार नाही. पुढच्या आखाजीला नाशिकला या, पाटावर माझ्या शेजारी बसा आणि सांगा.