खोट्या गाऱ्हाण्याला होकार

ऑस्ट्रेलियाला जायच्या आधीचा तो महिना मी घरात कुणाच्या नजरेला नजर न देता काढला. कारण सांगायचं तर वाइन. कुडाळकडच्या आमच्या गावात वाइन म्हटलं की लोक गालात हसतात, पण बँकेतून निवृत्त झाल्यावर मला नेमकं तेच खूळ लागलं. आमच्या बागेत काजूची बोंडं झाडाखाली कुजून जातात. ती पिळून मी बरणीत वाइन लावली, तर आंबून झाला शिरका. बायको म्हणाली, बरं झालं, भांडी घासायला होईल.

हे सगळं मी फोनवर थोरल्या भावाला रंगवून सांगायचो. भाऊ तिकडेच स्थायिक. बाबांच्या वर्षश्राद्धाला येऊन गेला तो गेला, पुन्हा इकडे फिरकला नाही. एक दिवस त्याने आम्हा नवराबायकोची सगळी सहल ठरवूनच टाकली. आधी तीन दिवस द्राक्षमळे, वाइनची तळघरं, चाखणं-बिखणं आणि मग उरलेले दिवस त्याच्या घरी.

"आईला जमेल का तेवढं डॉक्टरांना विचार," तो म्हणाला. "हो म्हणाले तर तिचंही तिकीट काढतो. मळ्यांचं मग राहू दे, तिला थेट घरीच घेऊन या."

आईचा पासपोर्ट त्याने मागे हौसेने काढून ठेवलाच होता. मी तिला कुडाळला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मला म्हणाले, "चाकाची खुर्ची सांगून ठेवा, वाटेत एक मुक्काम करा. खुशाल न्या हो. मुलाला भेटून येऊ दे."

बाहेर आलो तर आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. "काय म्हणता रे दाक्तर?"

"इतको लांबचो प्रवास नको म्हणता," मी सांगितलं.

चुकून तोंडातून गेलं असं म्हणायला मी मोकळा आहे, पण ते खरं नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हाच माझे मळे हातचे चालले होते आणि मला ते सोडवेनात. जळो ती जीभ. आई नुसतं "बरा" म्हणाली आणि वाटेत बाजारात थांबून तिने कुळीथ घेतले, थोरल्यासाठी पिठी करायला. भावालाही मी तेच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "जप तिला."

पुढे आम्हा दोघांचे व्हिसा आले. तळघरात थंडी असते म्हणून मी जाकीट आणलं. आई चुलीपुढे घामाघूम होऊन कुळीथ भाजत होती आणि मी आरशासमोर जाकीट घालून बघत होतो. लाज वाटली. जाकीट मात्र काढलं नाही.

आमच्याकडे असल्या मोठ्या प्रवासाला निघायचं तर ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. मानकरी सगळं काही मोठ्याने देवाच्या कानावर घालतो आणि जमलेले लोक दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं, त्याला तर म्हणावंच लागतं. मी मानकऱ्याला फक्त भावाला भेटायला जातोय एवढंच सांगितलं होतं. पण बाकीचं त्याला गावाने सांगितलं असणार.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू भावाक भेटाक परदेशात चल्ला आसा."

"होय म्हाराजा."

"तेच्या आवशीकय जावचा होता, पण दाक्तरान नको म्हटल्यान, म्हणान ती म्हातारी हयसरच रवता."

मी लोकांशी बोललेलं खोटं आता देवाला सांगून झालं होतं आणि होकार माझा हवा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "होय म्हाराजा." आई होती. तिच्यामागोमाग मीही म्हणालो. दुसरं करणार काय?

घरी आल्यावर मला राहवेना. आई पडवीत प्रसादाच्या खोबऱ्याचे तुकडे करत होती. मी समोर बसलो. "आये, दाक्तरान नको म्हणूक नाय. मीच खोटा सांगलंय."

"ठाऊक आसा माका," ती म्हणाली. "तो दाक्तर काय हळू बोलता? भायर बाकड्यार सगळा आयकाक इला."

"मगे देवासमोर होय कित्याक म्हटलंस?"

"मी थंय जाऊन इलंय तर तो हंय कित्याक येतलो? तेका वाटतला, झाली आवशीची भेट." तिने सुरी खाली ठेवली. "आता तू जा आणि तेका नीट सांग. आवशीक प्रवास झेपणा नाय, आता तूच ये, असा सांग."

म्हणजे मी माझ्या चैनीसाठी बोललेलं खोटं तिने थोरल्यासाठी उचललं होतं आणि ते तिकडे पोचवायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना. माझ्या भावाला मी ओळखतो. येतो येतो म्हणतो आणि येत नाही. आणि तिच्या व्हिसासाठी आता वेळ उरला नव्हता.

"आणि तरी नाय इलो तर?" मी विचारलं.

"तर तू तेका डोळे भरान बघून ये," आई म्हणाली. "माझ्या वाटणीचाय बघ."