मोहाखाली वाजणारा फोन

मी भांडखोर आहे असं गावात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण फोनपायी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीसुद्धा भांडले नसेन. फोन मीही वापरते. माहेरी बोलते, पावसाचा अंदाज बघते, कधी स्वयंपाक आटोपल्यावर चार गमतीचे व्हिडिओ बघून हसते. हातात काम असताना मात्र लक्ष फोनात, हे मला बघवत नाही. माझ्या धाकट्या जावेचं जे झालं ते झाल्यापासून तर मुळीच नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, चिचगडच्या पुढे, जंगलाला चिकटून. उन्हाळा लागला की बाया मोहफुलं वेचायला जातात. फुलं पहाटे गळतात, आणि ऊन चढायच्या आत उचलली नाहीत तर गुरं फस्त करतात. मोह अस्वलालाही आवडतो, म्हणून कोणी एकटी जात नाही. गावातून निघताना आम्ही सगळ्या सोबत असतो, पण झाडं ज्याची त्याची ठरलेली आणि एकमेकांपासून लांब, त्यामुळे झाडाखाली पोचल्यावर प्रत्येक बाई एकटीच. यावर जुन्या बायांनी तोड काढलेली होती. पहिलीने हाक मारायची, पुढच्या झाडाखालचीने ती उचलायची, मग तिच्या पुढचीने. अशी हाक फिरून परत पहिलीकडे आली की सगळ्या जागेवर आहेत असं समजायचं. कुठे अडली की टोपल्या टाकून सगळ्यांनी तिकडे धावायचं.

लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंनी मला बजावलं होतं, "डोरे भुईवर ठेव आन् कान झाडीत ठेव."

"आन् मन कुठं ठेवू?" मी विचारलं. मी तेव्हाही कमी नव्हते.

"मन घरी ठेवून ये, भात शिजवाले."

धाकटी जाऊ आली ती सौंदडकडची. रेल्वेच्या गावची, बोलकी, हसायला लागली की थांबायचं नाव नाही. माझं तिच्याशी पटायचं, कारण मी रागावले तरी ती रुसत नसे. दीर हैदराबादला बांधकामावर असतो. मुलगी झाली त्या साली त्याने तिला मोठा फोन आणून दिला. जंगलात रेंज नसते, तर ही पठ्ठी घरूनच गाणी आणि व्हिडिओ भरून घेऊन यायची आणि कानात वायर घालून फुलं वेचायची. दोनदा हाक तिच्यापाशी अडली. दोन्ही वेळा आम्ही काट्याकुट्यातून धापा टाकत गेलो, तर बाईसाहेब मुठीत फुलं धरून फोनात बघत हसताहेत.

"काऊन वो, कान भाड्यानं देल्ले का कोनाले?" मी ओरडले.

"आयकू नाही आलं, दीदी," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. तिच्याकडे बघून बाकीच्याही हसल्या.

सासूबाईंनी कानातली वायर बंद करायला लावली. तिनेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने वायर घरी ठेवली आणि फोन पिशवीत घालून फांदीला टांगला, आवाज पुरता वाढवून. रागवायला जागाच ठेवली नाही. उलट बायांना ते फार आवडलं. शेजारची म्हातारी, जिचा शब्द सगळ्या मानतात, ती म्हणाली, "आता नरडं कायले फाडाचं? फोन वाजून राहिला म्हनजे बाई हाये. आन् आवाजानं अस्वल बी येत नाही." झालं. पुढच्या मोसमात झाडागणिक फोन लटकले. इकडे हिंदी गाणी, तिकडे कीर्तन, मधल्या झाडावर कोणत्यातरी मालिकेतली सासू रडते आहे. जंगलात मंडई भरल्यासारखं वाटायचं. हाक आपोआप बंद पडली.

मी भांड भांड भांडले. फोनाला अस्वल दिसतं का, म्हटलं. फोन मदतीला हाक मारील का? गाढवापुढे वाचली गीता. सासूबाईंचा घसा तसाही धरलेला असायचा, त्यांना तर सुटल्यासारखं झालं. शेवटी मी एकटीच हाक मारत राहिले. तिला उत्तर कोणी देईना, आणि उत्तर नसलेली हाक किती दिवस मारणार? पण फोन काही मी टांगला नाही.

त्या सकाळी जावेच्या झाडाकडून गाणी येत होती. एक संपलं की दुसरं लागत होतं. ते मला ऐकू येत होतं, सासूबाईंना येत होतं, शेजारच्या म्हातारीलाही येत होतं. ती आहे, वेचते आहे, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. ऊन चढलं, टोपल्या भरल्या, निघायचं म्हणून आम्ही तिच्या झाडापाशी गेलो. फोन फांदीला टांगलेला होता आणि गात होता. टोपली उपडी होती, फुलं तुडवलेली होती. ती खालच्या नाल्यात सापडली, पदराने तोंड दाबून बसलेली. शुद्धीवर होती. पदर काढू नको, असं ती मला हाताने सांगत होती.

अस्वलाने तिचा चेहरा ओरबाडला होता. डावा डोळा गेला, जबडा फुटला. आधी गोंदिया, मग नागपूर. बोलता यायला लागल्यावर तिने सांगितलं, ती जिवाच्या आकांताने ओरडली होती. तिच्या ओरडण्याच्या वर तिचंच गाणं चाललं होतं, आणि बाकीच्यांच्या कानांपाशी त्यांची. मला अजूनही राग येतो. त्या म्हातारीचा येतो, फोन आणून देणाऱ्या दिराचा येतो, अस्वलाचा तर येतोच, आणि हसण्यावारी नेणाऱ्या सगळ्या बायांचा येतो. राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही, म्हणून मी तो फोनवर काढते.

दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा तिची पोर अंगणात खेळत होती. बालवाडीत जायच्या वयाची. आई आली म्हणून धावत गाडीपाशी गेली, वर पाहिलं, आणि किंचाळून माझ्या पायांत शिरली. त्यानंतर ती आईकडे गेली नाही. निजायला आजीजवळ, जेवायला माझ्याजवळ. जाऊ डोळ्यासाठी रडली नाही, तोंड वाकडं झालं म्हणून रडली नाही. पोरीने जवळ यावं एवढंच तिला हवं होतं, आणि तेच होत नव्हतं. खाऊ हातात धरून ती दाराआड बसायची. पोर खाऊकडे बघायची आणि माझ्याकडे पळायची.

पुढच्या मोहाला गावात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. निघायच्या आधी सगळ्यांचे फोन आमच्या घरी सुपात ठेवायचे, असं त्या म्हाताऱ्या बाईनेच ठरवलं. पहिले काही दिवस बायांचे हात सारखे कमरेकडे जात. फोन नाही म्हणून जीव घाबरतो, असं एक तरणी सून म्हणाली. एकीने चोळीत लपवून आणला. तो झाडाखाली गजर करून वाजला तेव्हा मी तिची अशी काढली की ती अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो. हाक पुन्हा सुरू झाली. सवय मोडल्यामुळे आधी घसे बसले, मग जमलं. हळूहळू डोळे भुईवर राहू लागले, टोपल्या लवकर भरू लागल्या. पान हललं तरी मान वर व्हायची. हाक जावेच्या झाडापर्यंत आली की मात्र सगळ्या क्षणभर थांबायच्या, आणि मग पुढची बाई ती उचलायची.

माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून मला चढली होती, हे कबूल करायला हवं. शेतात फोन नाही, चुलीपाशी नाही, जेवताना नाही, असे नियम मी घरात लावले. नवरा कुरकुरला, पण मुकाट्याने फोन कोनाड्यात ठेवू लागला. जाऊ तेवढी राहिली होती. ती दिवसभर मागच्या खोलीत तोच फोन घेऊन बसायची, फांदीला टांगलेला होता तोच. मला तो नुसता दिसला तरी अंगावर काटा यायचा. एकदा दुपारी बघितलं, तर पोरही तिथे कार्टून बघत बसलेली. मनात म्हटलं, आईला गिळलं, आता हिलाही गिळणार. दोघी झोपल्यावर मी फोन उचलला आणि धानाच्या कोठीत खोल पुरून ठेवला.

जावेने विचारलं नाही, शोधलाही नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मला वाटलं, चार दिवस जड जातील, मग बाहेर येईल, कामाला हात लावील, माणसांत मिसळेल. पोरीलाही मी म्हटलं, जा, आई गोष्ट सांगते. तिने माझं लुगडं घट्ट धरलं. आतून जावेने तिला तुटक शब्दांत हाक मारली, आणि पोरीने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

मग एका सकाळी मी अंगणात मोहफुलं वाळत घालत असताना जाऊ स्वतः बाहेर आली. अर्ध्या तोंडावर पदर होता. माझ्यासमोर बसली.

"दीदी, फोन दे."

मी सुरू झाले. "अजून भागलं नाही तुह्यं? त्यानंच तुले खाल्लं ना वो? कायले पाहिजे आता?"

तिने मला पुरतं बोलू दिलं. तिला एकेक शब्द जुळवावा लागतो.

"मी नाही पाहत," ती म्हणाली. "मले दिसत बी नाही बरोबर. पोरगी फोनाकडे पाहते, तवाच माह्या मांडीवर बसते. माह्याकडे पाठ करून."

मी मोहाने चिकट झालेले हात पुसले, कोठीत हात घालून फोन काढला, चार्जिंगला लावला. जावेने तो चालू करून कार्टून लावलं. गाणं वाजलं तशी पोर दारात आली. जमिनीकडे बघत, खोलीच्या कडेकडेने सरकत, आईच्या मांडीत उलटी जाऊन बसली आणि फोनात डोळे घातले. जावेने दोन्ही हातांनी तिला धरलं.

मी दारातच उभी होते. जाऊ फोनकडे बघत नव्हती. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत ती तिच्या भांगाकडे बघत होती, आणि कार्टून संपत आलं की घाईघाईने दुसरं लावत होती.