खाप्याची संत्री अमेरिकेत

आयकर कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसणारे एक टायपिस्ट ओळ संपून घंटी वाजली की मान डोलवत, जणू दादच देत. अमेरिकेत नुकत्याच स्थायिक झालेल्या धाकट्या भावाने तिथल्या कराच्या कागदांसाठी त्याच्या वाट्याचे इथले उत्पन्न कळवायला सांगितले होते. ते टाइप करून घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो आणि घरभाडे तेवढे सांगितले. घंटी वाजली, मान डोलली नाही.

“अन् खाप्याचा बगीचा काहून लपवून राहिले, भाऊ? दरसाल मले संत्रा खाऊ घालता नं!”

“शेतीवर कर कुठे आहे?”

“इथं नाही बाप्पा! तिथं सारंच सांगा लागते. तुमच्या हुशारीनं तो फसन!”

त्यांनी कागद फाडून नवा चढवला.

पुढे तिकडे चौकशी झाली, तेव्हा त्याच कागदाने भाऊ वाचला. त्याने लिहिले, “दादा, यापुढे उत्पन्न त्या टायपिस्टांनाच विचार. तू सांगू नकोस.”

ते पत्र मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवले. घंटी वाजली नव्हती, तरी मान डोलली.