डाव्या पायाचा उतारा

वयाची दहा वर्षं पुरी होण्याआधी मी बेळगावच्या वडगावातल्या निम्म्या कर्त्या पुरुषांच्या मानेवर पाय दिला आहे, आणि त्याबद्दल मला आजही रतीभर पश्चात्ताप नाही. डोळे मिटले की ते दृश्य जसंच्या तसं उभं राहतं... श्रावणातली ओलसर सकाळ, दारात चिखलाने माखलेल्या चपला, सोप्यात अंथरलेली विटकी सतरंजी आणि तिच्यावर पालथा पडलेला एखादा धिप्पाड विणकर, मान उघडी, तिच्यावर तिळाच्या तेलाची चकाकी, तोंड सतरंजीत खुपसलेलं म्हणून आवाज घोगरा — "हळू गं बाई, लई दुखतंय." आणि मी, परकर घोट्याच्या वर धरून, नुकत्याच न्हालेल्या गार डाव्या पावलाने त्या मानेला तीनदा स्पर्श करणार. मी पायाळू होते, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की धरलेली मान सुटते, अशी आमच्या गल्लीची अढळ श्रद्धा होती.

गल्ली सगळी विणकरांची. पहाटेपासून मागांची खटक-खटक, तांदळाच्या खळीचा आंबूस वास, रंगवलेल्या सुताचा उग्र दर्प आणि पावसाळ्यात या दोन्हींवर चढलेला कुबट ओलावा. बेळगावचा पाऊस एकदा लागला की महिनोन् महिने झिमझिमत राहतो, भिंतींना ओल सुटते, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर ताण्यावर वाकलेल्या माणसाची मान धरली नाही तरच नवल. तासातासाने उठावं, खांदे सैल सोडावेत, मान सावकाश दोन्ही बाजूंना फिरवावी, एवढं केलं असतं तर निम्मं दुखणं दारातूनच परत गेलं असतं. पण इतकं साधं शहाणपण कुणाच्या पचनी पडत नाही. त्यासाठी उलटी जन्मलेली पोर शोधावी लागते.

खरं तर माझ्या त्या तीन स्पर्शांच्या मागेपुढे जे काही व्हायचं, ते सगळं आई करायची. खडेमीठ आणि चिमूटभर ओवा ती तव्यावर तडतडेपर्यंत भाजायची, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून ऊन किती आहे ते पाहायची आणि मग शेकायला द्यायची. परसात निर्गुडीचं झुडूप होतं, शेजारच्या कानडी बायका त्याला लक्की म्हणत. त्याचा पाला उकळत्या पाण्यात टाकला की घरभर एक कडवट, हिरवा, नाकात शिरून बसणारा वास दरवळायचा. डोक्याखालची उशी काढून तिथे पंच्याची गुंडाळी मानेच्या बाकात सारायची, हेही तिचंच काम. दुखणं त्या शेकाने आणि विश्रांतीने उतरायचं, श्रेय माझ्या तळपायाला मिळायचं. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

या उताऱ्याचा एक कडक नियम होता. पाय लागल्यावर पुरचुंडी गार होईपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि त्या दिवशी मागावर बसायचं नाही. बसलं तर पायाचा गुण जातो! हा नियम कुणी केला देव जाणे, पण तो आमच्या शेजारच्या शिवाअण्णाच्या फार जिव्हाळ्याचा होता. संकेश्वराकडे कुस्त्यांचं मैदान असलं की या गृहस्थाची मान नेमकी त्याच सकाळी धरायची. डोकं एका खांद्यावर टाकून कण्हत यायचा, माझा पाय लावून घ्यायचा, तासभर शेक घेत घोरायचा आणि दुपारी मान तशीच वाकडी ठेवून — घरच्यांना दिसावी म्हणून — बस पकडायचा. त्याची बायको दारात उभी राहून म्हणायची, "ह्यांच्या मानंला कुस्तीचा वास येतो." सगळे हसत, आणि पुढच्या मैदानाला तो पुन्हा सतरंजीवर हजर.

ही माणसं उठताना माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला लावत. मोठी मिशाळ माणसं! आणि त्याच तोंडाने आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत, "पोरीला सातवीपातूर बास झालं की. पुढं काय कलेक्टर करतोस?" मानेवर चालणारा पाय शाळेच्या पायरीवर मात्र यांना खपत नव्हता. त्या वयात मला या माणसांची शिसारी आली ती कायमची. आप्पांनी त्यांचं ऐकलं नाही, एवढे उपकार.

आठवीत आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं, की पायाळूच्या पायात विजेसारखं काही नसतं, ती निव्वळ खुळी समजूत आहे. मला तर राज्य मिळाल्यासारखं झालं. त्याच रविवारी सतरंजीवर येऊन पडलेल्या शिवाअण्णाला मी, सोप्यातल्या चार माणसांसमोर, "उठा, हे थोतांड आहे," असं खणखणीत बजावलं. आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गल्लीने मला आगाऊ ठरवलं, आणि मी गल्लीला अडाणी ठरवून टाकलं. त्यानंतर मी कुणाच्याही मानेला पाय लावला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी साड्यांचं काम फार होतं. आप्पा मागावर, आणि आई रहाटाशी. विणणाऱ्याला लागणाऱ्या सुताच्या कांड्या ती भरायची. पहाटे चूल पेटवायच्या आधी बसायची, ती स्वयंपाकापुरती उठून पुन्हा तिथेच. एका हाताने रहाट, दुसऱ्या हाताच्या चिमटीत धागा, आणि मान सतत डाव्या खांद्याकडे कललेली. दिवसा आडवं होणं ही गोष्ट तिच्या आयुष्यात फक्त बाळंतपणात घडली असावी. बाई दिवसाउजेडी पडलेली दिसली की आमच्याकडे आधी "काय झालं?" विचारत, आणि तेवढ्याच श्वासात "कवा उठणार?" हेही. तिची मान दुखते का, हा प्रश्न तर गल्लीत कुणाला पडलाच नव्हता. मलाही पडला नव्हता, मग त्यांना कुठल्या तोंडाने बोलू?

एका दुपारी मी शाळेतून आले, तर तिने सोप्यात सतरंजी अंथरली होती. मला वाटलं, पुन्हा कुणीतरी आलंय. माझ्या कपाळावर आठी चढली. पण सोप्यात दुसरं कुणी नव्हतं. आई सतरंजीच्या कडेला बसली होती, एक हात मानेवर, आणि तिने आवाज अगदी खाली आणून म्हटलं, "एकडाव माझ्या मानंला पाय लाव गं. कालधरनं वळंनाच झालीय."

आणि मी काय केलं? मी दप्तर खाली न ठेवता तिला विज्ञान शिकवलं. स्नायू, रक्तपुरवठा, अंधश्रद्धा... सरांची वाक्यं सरांच्याच सुरात. वर शेवटी म्हटलं, "आई, निदान तू तरी अशी अडाण्यासारखी वागू नकोस."

तिने मानेवरचा हात काढला. मग "व्हय, ते बी खरंच," म्हणाली, सतरंजीची घडी केली आणि रहाटाशी जाऊन बसली. रहाटाचा तो कुरकुरता आवाज सुरू झाला, तेव्हा मला आपण एक लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. इतकी मूर्ख, इतकी निर्दय आणि इतकी आत्मसंतुष्ट मुलगी मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात एकही पाहिली नाही.

हो, मी शिक्षिकाच झाले, विज्ञानाचीच. आता शिक्षकखोलीत माझ्या सहकारी बाई मोबाईलवर पार वाकून, हनुवटी छातीला टेकवून, मानदुखीवरचे घरगुती उपाय वाचतात आणि लगेच मला पाठवतात. मान वर करून बसा, हा त्यातला पहिला उपाय असतो, आणि तोही त्या वाकूनच वाचतात. त्यांच्यापुढे शिवाअण्णा परवडला. त्याला आपली मान का धरते हे तरी नक्की ठाऊक होतं.

आई माझ्याकडेच असते. ऐंशीला टेकली आहे. तिची मान त्या दिवाळीनंतर हळूहळू आखडत गेली ती गेलीच; हाक मारली की ती सबंध अंगाने वळते. मी तिच्यासाठी मध्ये खळगा असलेली महागडी उशी आणली, ती तिने कपाटावर ठेवली. विजेवर तापणारी पिशवी आणली, तिला ती "भाजती नुसती" म्हणाली. अखेर गेल्या पावसाळ्यात मी तवा चढवला, खडेमीठ आणि ओवा भाजला, तिच्याच जुन्या पातळाच्या फडक्यात बांधला आणि तिच्या मानेवर धरला. खोलीत तो खमंग, खारट, उष्ण वास पसरला. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते, ते मी त्या वासाच्या आडोशाने बोलले. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी पाय लावायला पाहिजे होता."

तिला कोणता दिवस, हे सांगावं लागलं नाही.

"पायात काय नसतंय, ते मला बी ठाऊक होतं गं," ती शांतपणे म्हणाली. "शेक तर मीच देत होते की सगळ्यांस्नी. पर पाय लागला की त्या दिवशी माणसाला कुणी ऊठ म्हणत नव्हतं."

मागच्या रस्त्याने एक रिक्षा गेली. फडक्याखालची तिची मान माझ्या हाताला लाकडासारखी लागत होती, आणि मला एवढंच सुचलं, "मग आता पड ना, आई. आता कोण ऊठ म्हणतंय तुला?"

"आता पडूनच असते की," ती म्हणाली. "आता कुणी ऊठ म्हणायला पायजे."