ड्रमकोराचं छप्पर

पर्डन या इंग्रज जमीनदार घराण्याच्या ड्रमकोरा इस्टेटीवर डीलिया टूही धोबीघरात लागली, तेव्हा तिला धड इस्त्रीही धरता येत नव्हती. पुढे तिच्या हातच्या कॉलरी बघून गॉलवे शहरातले पाहुणे विचारायचे, ही बाई मिळाली कुठे? तिच्या पणजोबांना याच पर्डनांनी भर हिवाळ्यात झोपडीतून बाहेर काढलं होतं. डीलिया त्याबद्दल बोलत नसे. तिचा भाऊ मॅलाकी मात्र विसरला नव्हता.

आयरिश लोकांची इंग्रजांशी लढाई पेटली आणि जमीनदारांची घरं एकामागून एक जळू लागली. एका संध्याकाळी ड्रमकोरालाही तोंडं बांधलेली माणसं आली, हातात रॉकेलचे डबे. माडीवर म्हाताऱ्या मिस पर्डन तापानं पडलेल्या. डीलिया दारात आडवी उभी राहिली.

“बाजूला हो,” पुढचा म्हणाला.

“मॅलाकी, तोंड बांधून आवाज लपतो होय रे? आधी मला पेटव.”

“कोण लागतात ते तुझे?”

“वर म्हातारी झोपलीय. मी नाही हलणार.”

माणसं परत गेली. पण त्या दिवसापासून आईचं घर तिला बंद झालं. आईच्या अंत्यविधीलाही ती चर्चमध्ये मागच्या बाकावर एकटीच बसली. मिस पर्डननी मात्र तिचा हात धरून पुतण्यासमोर सांगितलं, “मी गेले तरी डीलियाला इथून कुणी हलवायचं नाही.” कॅप्टन रॉडरिकनं मान डोलावली.

मिस पर्डन गेल्या. कॅप्टन इंग्लंडमध्येच राहिला. डीलिया एकटीच खोल्या उघडायची, गळतीखाली बादल्या ठेवायची. बरीच वर्षं अशी गेली, आणि एका सकाळी कारागीर शिड्या घेऊन आले. अखेर साहेबांना घराची आठवण झाली म्हणून तिनं हौसेनं सगळ्यांना चहा आणि लोणी लावलेला गरम पाव दिला.

“आधी कुठली गळती काढताय?”

“गळती? बाई, छप्परच उतरवायचंय. छप्पर नसलं की घरपट्टी नाही. कॅप्टनसाहेबांनी कौलं, शिसं, तुळया, सगळं विकलंय. तुम्हाला माहीत नाही?”

कौलं न्यायला आलेल्या गाड्यांत मॅलाकीचीही गाडी होती. तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलला, “तेव्हा मला काडी लावू दिली असतीस, तर निदान आमची तरी राहिली असतीस.” थोड्या वेळानं म्हणाला, “सामान आण. घरी चल.”

“आई गेली तेव्हा नाही बोलावलंस,” ती म्हणाली, आणि पायीच शहराकडे निघाली.

तिथं एका हॉटेलात तिला कपडे धुण्याचं काम मिळालं. पुढच्या वसंतात कॅप्टन हौसेखातर मासे पकडायला आला आणि तिथंच उतरला.

“अरे, डीलिया! तू इथे?”

“साहेब, छप्पर काढताना मला सांगितलंत का नाही?”

तो गोंधळला. “खरं सांगू? तू अजून तिथंच असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

त्यानं हेतुपुरस्सर काही केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. ती आत गेली आणि हॉटेलच्या मालकिणीला म्हणाली, “त्या पाहुण्याचे कपडे दुसऱ्या कुणाला द्या.”