नऊ फुटी विमान आणि ट्रॅक्टरची चावी

विमानाचे पंख शेडमध्ये मावेनात, म्हणून मी ट्रॅक्टर बाहेर काढून लिंबाखाली लावला. दादा, म्हणजे माझे वडील, समोरच बाजेवर बसले होते. माझ्यापासून दहा पावलांवर. तरी ते बोलले ते स्वयंपाकघराकडं तोंड करून, “अगं, त्याला इचार, ब्रेक लावला का ट्रॅक्टरचा?”

आईनं आतूनच विचारलं, “लावला का रे?”

“लावला.”

“लावला म्हनतोय,” आईनं दादांना कळवलं.

सात महिने आमच्या घरात हे असंच चाललं होतं. दादा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे बोलायचे सगळं, पण आईमार्फत. जेवताना मी शेजारी बसलेलो असलो तरी “मीठ त्याच्याकडं हाय, द्यायला सांग.” आई बिचारी या भाकरीवरून त्या भाकरीवर, आणि मधे आमचे निरोप. एकदा ती वैतागून म्हणाली, “मी मेल्यावर काय तार करनार का एकमेकांना?” दादा हसले नाहीत. मीही नाही.

कारण सांगतो. दादांनी पस्तीस वर्षं कारखान्याला ऊस वाहिला. त्यांचं नाव झालं ते ट्रॉली मागं घेण्यासाठी. ट्रॅक्टर पुढं सगळेच चालवतात. मागं ट्रॉली जोडून तो उलटा घेणं वेगळी गोष्ट. ट्रॉली उजवीकडं न्यायची तर स्टेअरिंग डावीकडं फिरवायचं, आणि ती वळायला लागली की लगेच सावरायचं. नव्या माणसाची ट्रॉली हटकून आडवी होते. यार्डात कुणाची अशी अडकली की लोक दादांना हाक मारायचे. ते बिडी विझवायचे, चढायचे आणि उसानं भरलेली ट्रॉली दोन भिंतींच्या मधे अशी घालायचे की बघणारे गप्प व्हायचे. मला त्यांनी चौदाव्या वर्षी शिकवलं. शिकवलं कसलं, शिव्याच घातल्या. पण आलं.

गेल्या हंगामात रिकामी ट्रॉली घेऊन येताना आमच्याच फाट्यावर त्यांच्या ट्रॅक्टरखाली एका शाळकरी मुलीची सायकल गेली. मुलगी कडेच्या पाण्याच्या चारीत उडी मारून वाचली. सायकलीचा चेंदामेंदा. दादा म्हणाले, “ती मधी आली.” मुलगी रडत म्हणत होती की ती कडेनंच चालली होती. मी दादांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी नीट सांगितलं. गाडी चालवायची नाही. बाहेर आल्यावर दादा म्हणाले, “त्याला काय घंटा कळतंय!” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवर चढायला निघाले.

त्या दिवशी मी चावी काढून घेतली. ट्रॅक्टरच्या चाव्या दोन, पण एक फार वर्षांपूर्वी हरवली होती. राहिलेली मी दुकानात, तांब्याच्या तारेच्या डब्यात टाकून ठेवली; ट्रॅक्टर हलवायचा झाला की तेवढ्यापुरती आणायचो. दादांनी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी मुळात स्वस्थ बसणारा माणूस नाही. राहुरीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी येतात, मी त्यांना नव्या तारा भरतो. हाताला काम असलं की डोकं ताळ्यावर. पण त्या सात महिन्यांत दुकान बंद करून घरी आलो की पाय घरात टिकेनात. बाजेवर दादा बसलेले, चेहरा शेडकडं, शेडमध्ये ट्रॅक्टर. पस्तीस वर्षं ज्यानं बूड टेकवलं नाही तो माणूस दिवसभर बाजेवर! मी त्यांच्याकडं बघायचो आणि मला स्वतःचाच राग यायचा. मग वाटायचं, उद्या ती मुलगी खाली सापडली तर? मग त्यांचा राग यायचा. असं रोज.

त्यावर उतारा म्हणून मी विमान बनवायला काढलं. रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद मला आधीपासून होता. दोन लहान विमानं मी स्वतः बनवली आणि स्वतःच जमिनीत घातली. या खेपेला ठरवलं, मोठं करायचं. मोठं विमान हवेत ठरतं, वाऱ्यानं भिरभिरत नाही. नऊ फुटांचे पंख, आत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, वर इस्त्रीनं चिकटवायचा प्लास्टिकचा कागद. इस्त्री बायकोची. तिच्या एका साडीला त्या प्लास्टिकचा निळा डाग लागला, त्यावरून आठवडाभर जो काही उद्धार झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. इंजिन भंगारातल्या गवत कापायच्या यंत्राचं. ते चालू केलं की अख्ख्या वस्तीची कुत्री भुंकायची.

दादा बाजेवरून सगळं बघायचे. एकदा मी कार्बोरेटर जुळवत होतो, जमेना, चारदा उघडून चारदा लावला, पाना आपटला. तर ते आईला म्हणाले, “त्याला म्हनावं, हवा लई घेतंय. आवाज कोरडा येतोय.” मी स्क्रू अर्धा फेरा फिरवला. इंजिन लगेच सुरात लागलं. मला धन्यवाद म्हणायचं होतं. आई तोवर गोठ्यात गेलेली. मी पाना पुसत बसलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

विमान तयार झालं त्या सकाळी आईनं रीतसर पूजा केली. नवं वाहन म्हटल्यावर आमच्याकडं ते चुकत नाही. हळदकुंकू, नारळ, आणि शेपटीला लिंबू-मिरची. मी उखडलो. “अगं आई, शेपटी आधीच जड झालीये! मागं वजन झालं तर नाक वर करून पडेल ते!” खरंच पुढं वजन कमीच पडत होतं, शिशाचा तुकडा शोधत होतो मी. आई शांतपणे म्हणाली, “मग फुडं बांद.” मी लिंबू तिथून सोडवून नाकाच्या आत, इंजिनच्या मागं बांधलं. पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला. बरोबर! आई आत जाताना मान हलवत होती.

मे महिना होता. कारखान्याचा पट्टा कधीच पडला होता, हंगाम संपून रस्ते मोकळे झाले होते. धरणाचं पाणी मागं सरलं की काठाला मैलभर सपाट, वाळलेली जमीन उघडी पडते. तिथं विमान न्यायचं होतं. टेम्पो सांगितला, पण मदतीला येणारे दोघं मित्र ऐन वेळी लग्नाला गेले. लग्नसराईत माणूस मिळतोय होय! तेव्हा दादा म्हणाले, “अगं, त्याला म्हनावं, पंख धरायला मानूस लागंल. मी येतो.”

निघताना मी दुकानात थांबून तारेच्या डब्यातून चावी काढली आणि पँटच्या खिशात टाकली. ठरवूनच टाकलं होतं मी, आज देऊन टाकायची. डॉक्टर गेला खड्ड्यात. शेतातल्या शेतात चालवतील, बांधापर्यंत, मी लक्ष ठेवीन. अशी स्वतःची समजूत घालत होतो. मला ते बाजेवर बसलेलं ध्यान आणखी एक दिवस बघवत नव्हतं, एवढंच खरं.

टेम्पोत आम्ही मागं, एकेक पंख मांडीवर धरून. आई सोबत नव्हती. त्यामुळं अर्धा तास एक शब्द नाही. खिशातली चावी प्रत्येक गचक्याला मांडीला टोचत होती.

धरणावर पोचलो. टेम्पोवाला गाडीखाली सावलीला आडवा झाला. मी पंख बसवले, बोल्ट आवळले, रिमोट तपासला. आवळलेले बोल्ट पुन्हा आवळले. इंजिन चालू करताना शेपटी घट्ट धरावी लागते, नाहीतर विमान अंगावर येतं. सांगणार कसं? मी दादांकडं पाहिलं. ते आधीच गुडघ्यावर बसले होते, दोन्ही हातांनी शेपटी पकडून.

इंजिन लागलं. मी हात वर केला, त्यांनी सोडलं. विमान धुरळा उडवत पळालं, एकदा हबकलं आणि उठलं. काय सांगू! सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीतला खिळा निघाला. निळे पंख उन्हात लखलखत पाण्याकडं निघाले. मी ओरडलो, “दादा, उठलं! उठलं!” ते हसत होते, मान वर करून.

लांब जाईपर्यंत सगळं ठीक असतं. विमान माझ्याकडं पाठ करून जातं, त्याची उजवी ती माझी उजवी. मी ते वळवलं, आणि आता ते तोंड करून आमच्याकडं यायला लागलं. दोन्ही जुनी विमानं मी इथंच घालवली होती. समोरून येताना त्याची डावी म्हणजे आपली उजवी. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. डाव्या हाताला एक मोठी बाभूळ होती. विमान तिच्याकडं सरकलं. मी घाबरून रिमोटची काडी उजवीकडं दाबली. ते आणखी बाभळीकडं गेलं. मी आणखी दाबली.

“गेलं! दादा, गेलं हे!”

“कुठं निघालं?” दादा थेट माझ्यावर ओरडले.

“बाभळीकडं! बाभळीत चाललं!”

“मंग बाभळीकडंच घुमव!”

“अहो पण...”

“आरं घुमव भाड्या! ट्रॉली मागं घेतोय आसं धर!”

माझा हात चौदा वर्षांचा झाला. काडी डावीकडं गेली, बाभळीकडंच, आणि विमानानं पंख कलवून झाड सोडलं आणि ते मोकळ्या रानाकडं वळलं. “सावर आता, लगीच सावर.” मी सावरलं. “आवाज चढलाय, गॅस कमी कर. आजून. आता सोड.” विमान जमिनीला लागलं, दोनदा उडालं, एक चाक वाकलं, पुढचा पंखा मोडला आणि ते धुरळ्यात उभं राहिलं. बाकी अख्खं. मी रिमोट टेम्पोवर ठेवला आणि वेड्यासारखा हसायला लागलो. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. दादा माझ्याशी बोलले होते, तेही शिवी देऊन.

मी खिशात हात घातला आणि चावी काढली. “दादा, ही घ्या.”

त्यांनी हात पुढं केला नाही. ते पाण्याच्या दिशेनं बघत होते. विमान तर आमच्या उजवीकडं, वीस पावलांवर उभं.

“कुठं उतरलं रं?” त्यांनी विचारलं.

“हे काय, इथंच.”

त्यांनी पूर्ण मान वळवली, मग अंगही वळवलं, तेव्हा त्यांना ते सापडलं. 

“वर गेल्यापासनं मला दिसलंच न्हाई ते,” ते म्हणाले. “तू वरडत हुतास आन् इंजनाचा आवाज येत हुता. तेवढ्यावर सांगितलं.”

 चावी हातात तशीच.

“ती पोरगी बी दिसली न्हवती. मधी आली न्हवती ती. कडंनंच चालली आसंल.”

मग त्यांनी सदऱ्याच्या आत, बंडीच्या खिशात हात घातला. पिन लावलेली होती, ती काढायला वेळ लागला. आतून एक चावी निघाली, लाल दोऱ्यात बांधलेली. हरवली म्हणून आम्ही सोडून दिलेली ती दुसरी चावी. सात महिने मी सकाळी दुकानात जायचो, संध्याकाळी यायचो. शेडला कुलूप नसायचं. ट्रॅक्टर समोर आणि चावी यांच्या छातीशी. तरी ते दिवसभर बाजेवर बसून होते.

“ही बी ठिव तुझ्याकडं,” ते म्हणाले.

मी दोन्ही चाव्या मुठीत धरून उभा राहिलो. ते विमानाकडं चालायला लागले, मान एकदा इकडं, एकदा तिकडं पुरती वळवत, पाय चाचपत.

“चल,” ते म्हणाले, “बोल्ट काढ. मी पंख धरतो.”