मेथीवर शिंपडलेलं पाणी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. नलूला तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं होतं ती आता नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडायचं धाडस होतंय. धाडस कसलं, सोय म्हणा.

मी अमरावतीची. कॉलेजात मराठी शिकवते आणि नाटकं बसवते. नाटकं म्हणजे हसवणारी नव्हेत — अन्याय, लढे, विसरलेली माणसं, असलं सगळं. गावात मला त्यामुळे मान आहे. सत्काराला बोलावतात, शाल देतात, ‘ताईंनी समाजाला आरसा दाखवला’ वगैरे म्हणतात. मी मान खाली घालून ऐकते. ती मान विनयानं खाली जाते असं लोकांना वाटतं.

नलू अकोल्याची. शिकताना आम्ही होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो, एकाच नाटकात काम केलं. काम म्हणजे — मी नायिका आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन येणारी. तिला वाक्य एकच होतं, तेही ती विसरायची. मग तिनं नाटक सोडलं, कॅमेरा घेतला आणि माहितीपट करू लागली. मला बरं वाटलं होतं. कुठेतरी रमली बिचारी, असं मी म्हणायची. ‘बिचारी’ हा शब्द लक्षात ठेवा.

कारण ती बिचारी राहिली नाही ना! तिच्या फिल्म मोठमोठ्या ठिकाणी दाखवू लागले. मला तिचं यश खुपत नव्हतं — नाही, हे खोटं आहे, तेही खुपत होतं. पण त्याहून जास्त खुपायचं ते वेगळंच. तिच्यासमोर माणसं बोलायची. ती काही करायची नाही हो! मी पाहिलंय. अंगणात बसायची, बायकांसोबत तुरीच्या शेंगा सोलायची, कॅमेरा बाजूला स्टुलावर. आणि सोलता सोलता एखादी बाई असं काही बोलून जायची, की जे माझ्या नटीकडून मी महिनोन्‌महिने घसा फोडूनही काढू शकले नसते. हे तिला कुणी शिकवलं? मग मला का नाही आलं? घरी येऊन मी भांडी आदळायची.

तर — पातूरच्या अलीकडे एक बाजाराचं गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या भाजीवाल्या बायकांना फार वर्षांपूर्वी बाजारातल्या ओट्यांवरून उठवायला निघाले होते. बायका उठल्या नाहीत. त्यांना टोपल्यांसकट पोलीस ठाण्यात नेलं, रात्रभर कोंडलं. शेवटी ओटे त्यांचेच राहिले. या विषयावर मी नाटक लिहीत होते. बरेच दिवस लिहीत होते आणि ते काही केल्या उभं राहत नव्हतं. घोषणा होत्या, गाणी होती, जीव नव्हता. आणि नलूनं मला सहज सांगितलं, की ती त्याच बायकांवर फिल्म करतेय.

अकोल्याला तिच्या घरी एका दुपारी तिनं मला चित्रण दाखवलं. गिरजामाय नावाची एक म्हातारी होती. कोंडलं तेव्हा ती नवी सून होती. समोर मेथी निवडत बसलेली, वर न बघता बोलत होती:

“पोलिसानं प्यायले पानी देल्लं. आमी नाही पेलो. मेथीवर शिपडलं सारं. आपन त सकाळी पेऊ, पन भाजी सुकली त सकाळी इकू काय?”

मग तिनं वर पाहिलं आणि हसली. एवढंच.

नलू म्हणाली, ही माझी फिल्म आहे, बाकी सगळं हिच्या भोवती. मी म्हटलं, सुंदर. तिच्या हातचा चहा प्याले. आणि बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत माझे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते. ते वाक्य माझ्या नाटकाचं होतं असं मला वाटत होतं! जणू नलूनं माझ्या कपाटातून चोरलं होतं. हा किती मूर्खपणा आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग?

नलूची एक रीत होती. फिल्म जगाला दाखवण्याआधी पहिला खेळ त्या गावात, त्या माणसांसाठी. आणि त्याच्याही आधी, ज्याचं बोलणं घेतलंय त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी ‘नको’ म्हटलं, तर तेवढा तुकडा काढून टाकायचा. कारण विचारायचं नाही. मनधरणी करायची नाही. मी तिची थट्टाही केली होती यावरून — अशानं एक दिवस तुझ्या फिल्ममध्ये नुसती झाडं उरतील म्हणून.

खेळाची जागा ठरवायला ती गावात गेली तेव्हा मलाही सोबत घेऊन गेली. विश्वासानं. ती समाजमंदिरात पडदा कुठे लावायचा ते बघत होती आणि मी गिरजामायच्या स्वयंपाकघरात तिच्या सुनेजवळ बसले होते. शोभा तिचं नाव. मळ्यात राबणारी, बोलकी बाई. भाकरी थापता थापता सांगत होती की मुलीचं जुळत आलंय, धामणगावची मंडळी आहेत, भली आहेत, पण फार सोवळी.

आता ऐका. गिरजामाय एक रात्र ठाण्यात होती हे गावाला माहीत होतं, पण गाव ते बोलायचं नाही. बाहेरच्या सोयऱ्यांना तर त्या घरानं कधीच सांगितलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. नलूनंच मला सांगितलं होतं.

आणि मी म्हटलं, “मायनं कोठडीतली रात्र काय छान सांगितलीय हो! आता सगळ्यांच्या मोबाईलवर फिरेल. धामणगावच्या मंडळींनाही कौतुक वाटेल.”

शोभाचा हात भाकरीवर थांबला. मी ताटलीतला ठेचा बोटानं चाखला आणि छान झालाय म्हटलं.

यात एक शब्द तरी खोटा होता का? हेच मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारत आले. नव्हता. म्हणून तर जमलं.

गिरजामायच्या मुलाचा नलूला फोन गेला. मायचं ते काढून टाका, मायले मी सांगतो. नलूनं कारण विचारलं नाही. तिनं ते काढलं. मग मला फोन करून ढसाढसा रडली, आणि मी म्हटलं, “अगं, नियम तुझाच ना!” शांतपणे म्हटलं. तिला वाटलं, मी तिला सावरतेय. फोन ठेवल्यावर मी गाणं गुणगुणत कुकर लावला, हेही सांगून टाकते.

पुढे नलूच मला म्हणाली, ते वाक्य तू तुझ्या नाटकात घे, नाव बदल, म्हणजे कुठेतरी राहील तरी. मी आढेवेढे घेतले. मग घेतलं. नाटकात एक मुलगी पोलिसानं दिलेलं पाणी ओठांपर्यंत नेते, थांबते आणि मेथीच्या जुड्यांवर शिंपडते. थिएटरात टाळ्या पडतात. बक्षीसही मिळालं. नलू अकोल्याहून खास आली, मला मिठी मारली. तिच्या फिल्मबद्दल कुणी फार बोललं नाही. बरी आहे, म्हणाले.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. एक मत्सरी बाई, एक वाईट वाक्य — माणसं ऐकून घेतात, मान हलवतात. पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते हे नाही. मी मघापासून त्याच्या बाजूबाजूनं चाललेय.

गावातल्या त्या पहिल्या खेळाला मी हजर होते. दुपारची वेळ, समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावलेल्या. गिरजामाय नवं लुगडं नेसून आली होती, केसांना तेल लावून, पहिल्या ओळीत. मुलानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्याची जीभ रेटली नसेल. आणि नलूला वाटत होतं, त्यानं सांगितलंय. मी म्हातारीच्या शेजारच्या खुर्चीवर होते. फिल्म सुरू झाली. एकेक बाई पडद्यावर आली की गिरजामाय माझ्या मांडीवर थाप मारायची — हे आमची चंद्री, हे पारबती. आता मी, आता मी, असं तिचं चाललं होतं. पदर सारखा नीट करत होती. जणू पडद्यावरची ती तिला बघणार होती.

ती आलीच नाही.

चादरी काढल्या. उजेड झाला. नलू मागे वायरी गुंडाळत होती. गिरजामाय रिकाम्या पडद्याकडे बघत बसली होती. मग माझ्याकडे वळली.

“मी काहून नाही दिसली वं बाई?”

मुलगा दारात उभा होता. शोभा खाली बघत होती. मी म्हणू शकले असते, मुलाला विचारा. मी म्हणू शकले असते, नलूला विचारा — आणि नलूनं तिला तिथेच सांगितलं असतं, माय, तुझ्यासारखं कुणीच बोललं नव्हतं. मी नुसती गप्प राहू शकले असते. पण ती नलूकडे गेली असती, दोघी बोलल्या असत्या, शोभा बोलली असती, आणि धागा माझ्यापर्यंत आला असता.

मी म्हटलं, “मावशी, तुमचं बोलणं नीट झालं नव्हतं. समजत नव्हतं काही.”

ती रागावली नाही. तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, “हाव. मले बोलताच येत नाही.”

नलूला काही न विचारता ती घरी गेली.

नातीचं लग्न धामणगावलाच झालं. पुढे एकदा अकोल्याला गेले, तेव्हा शोभा मला तिथल्या बाजारात भाजी विकताना भेटली. बोलता बोलता म्हणाली, कॉलेजच्या पोरी आल्या होत्या त्या बाजाराच्या लढ्याची माहिती विचारायला. आम्ही आता हरकत घेणार नव्हतो. पण सासूबाई कॅमेऱ्यापुढे बसेचनात. म्हणाल्या, दुसरीले इचारा, माह्यं बोलनं बिघडते. तशाच गेल्या त्या, उन्हाळ्यात.

मी शोभाकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. तिनं त्यांच्यावर पाणी मारलं आणि माझ्या पिशवीत टाकल्या.